एक वाजून दहा मिनिटांचा चोर

आता काय तोंडानं सांगू तुम्हाले, पण चहा तुम्ही पाजून राह्यले, तं लपवून बी काय फायदा.

मी घाटंजीच्या एका कापसाच्या जिनिंगमधी कॉम्प्युटरवर बसतो. कोणत्या शेतकऱ्यानं कोणत्या दिवशी कापूस आणायचा, ती नंबराची यादी माझ्यापाशी. त्या यादीवरून गेटवर डोकी फुटतात, म्हणून तिची एक कॉपी क्लाऊडवर ठेवली. म्हणजे दूर कुठंतरी, दुसऱ्याच्या मोठ्या कॉम्प्युटरात. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरी! अन् मी पक्का संशयी माणूस, डब्यातलं एक वांगं कमी झालं तरी मले समजते.

एक दिवस क्लाऊडचं रेकॉर्ड पाह्यलं. रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी कोणीतरी आपल्या खात्यात शिरून राह्यलं होतं. त्या टायमाले तं मी जेवत राहतो.

अन् वजनकाट्यावरचा राठोडभाऊ? माझ्यासंगच जेवते, पण बरोबर एक दहाले भाकर अर्धी ठेवून मोबाईल घेऊन बाहेर जाते. गेटवरच्या नंबराच्या फळ्यापाशी उभा राहून गोरबोलीत, म्हणजे त्याच्या बंजारा बोलीत, हळूहळू बोलते. मले त्या बोलीतलं एक अक्षर समजत नाही. मंग सांगा, संशय येईन का नाही?

"भाऊ, कोणाले फोन लावता हो?"

"घरी."

"रोज?"

"बायको रोजच राह्यते ना घरी."

पाह्यलं? गड्यानं उत्तर तयारच ठेवलं होतं.

मी गुपचूप पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी एक दहाले खात्यात कोणीच नाही. झालं, चोर पक्का! मी त्याच्यासंग जेवणंच सोडलं. तो ठेचा घेऊन आला, म्हणे, "काहून रे, पोट बिघडलं का?" मी तोंड फिरवलं.

चार दिवसांनी कॉम्प्युटर बंद पडला, तो उठेचना. मी निवांत, क्लाऊड हाय ना. वजनकाट्याच्या कॉम्प्युटरपाशी जाऊन सॉफ्टवेअरवाल्या मॅडमले फोन लावला, स्पीकरवर. गेटवर कापसाच्या गाड्या उभ्याच होत्या.

"सर, इथं चार दिवसांची यादी आलेलीच नाही," मॅडम म्हणाल्या. "पासवर्ड बदललात का? मग जुन्या पासवर्डनं कॉपी येणार कशी? रोज एक दहाला कॉपी आपोआप जायचं काम तुम्हीच लावून घेतलं होतं, दिवाळीत. 'मी जेवायला जातो तेव्हा कॉम्प्युटर रिकामा असतो,' असं म्हणालात."

म्हणजे तो चोर मीच कामाले लावला होता, अन् मीच त्याले दारातून हाकललं. नोकरी गेली असंच धरून चाललो.

तवा राठोडभाऊनं मोबाईल पुढं केला. नवे नंबर मी रोज जेवणाआधी खडूनं फळ्यावर लिहितो. तो रोज फळ्याचा फोटो काढून तांड्यात पाठवे अन् फोनवर बायकोले समजावून सांगे, कोणाची खेप वाया जाऊ नये म्हणून. चारी दिवसांचे फोटो होते. मले इतकी लाज वाटली का मान वर होईना.

"चला, यादी भरू," मॅडम म्हणाल्या. "पासवर्ड सांगा."

राठोडभाऊ कीबोर्डवर बोटं ठेवून बसला.

"मॅडम, दुसरा टाकला तं नाही चालत?" मी इचारलं.

"आधी हाच लागेल, सर."

मी खाली पाहून सांगितलं, "राठोडचोर."

त्यानं एक-एक अक्षर दाबलं. खातं उघडलं.

"बदलू नको आता," तो म्हणला. "मले ध्यानात राहीन."