मास्तरांच्या जागेवरची शेळी

निजामाचं राज्य गेलं, कचेरीत मराठी आली आणि परभणीत दोन गोष्टींना ऊत आला: सत्कारांना आणि लेखकांना. बन्सीधर मुन्शींनी दुसऱ्या पिकावर पोट भरायचं ठरवलं. निम्मं आयुष्य लोकांच्या उर्दू दरखास्ती, म्हणजे सरकारी अर्ज, लिहिण्यात गेलेलं. आता ते लोकांची हस्तलिखितं सुधारून देत.

जिंतूरचे दिनकरराव मास्तर त्यांच्याकडे घाईनं आले. मुलगी पद्मजा रांगत होती तेव्हाच तिची आई अनसूया वारली. पद्मजाला आई आठवत नव्हती, म्हणून ती कधी विचारतही नसे. आता तिचं लग्न ठरलं होतं. ती सासरी जाण्याआधी आईचं चरित्र छापून तिच्या हाती द्यायचं, एवढंच मास्तरांच्या मनात होतं.

मुन्शींनी हस्तलिखित घेतलं, न उघडता गादीखाली सारलं आणि वर बसले.

"अहो, वाचा तरी!"

"वाचतो की. आधी तुमी तोंडानं सांगा."

ही त्यांची रीत. माणूस घरून घोकून आणतो त्यात काही नसतं, खरं गाऱ्हाणं उठता उठता निघतं, हे त्यांनी दरखास्तींत पाहिलं होतं.

मास्तरांनी सुशील, पतिव्रता, अन्नपूर्णा असं सुरू केलं. मुन्शी सुपारी कातरत राहिले.

"या बाईला ओळखतो मी. मागल्या महिन्यात ती सेलूच्या एका वकिलाची आई होती."

मास्तर भडकले. "माझी बायको होती ती! बोरीला बदली झाली तेव्हा मी म्हणालो, शेळी विकून टाकू. तर हिनं गाडीत माझ्या जागेवर शेळी बसवली अन् गाडीवानाला म्हणाली, 'हाका, मास्तरांना पाय आहेत.' भर उन्हात मी गाडीमागं चालत!"

"हे लिहिलंय का?"

"छे! व्याही वाचतील."

"आई व्याह्यांची हरवलीय का, मास्तर?"

मास्तर हळूच म्हणाले, "घ्या शेळी." त्यानंतर बाकीचं आपोआप आलं.

मुन्शींनी कागद बाहेर काढले. घोकून लिहिलेलं खोडलं, सांगितलेलं पण न लिहिलेलं भरलं.

"सुशील तरी राहू द्या," मास्तर काकुळतीला आले.

"शेळीच्या कोणत्या बाजूला बसवू?"

छापलेलं पुस्तक हस्तलिखिताच्या निम्मंच भरलं. पद्मजानं ते हळदीच्या सकाळी एका बैठकीत वाचलं आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "अण्णा, त्या शेळीच्या दिवशी मग आईशी बोललात का तुम्ही?"

मास्तर सांगू लागले. मांडवातून हाका येत होत्या. दोघांनीही ओ दिली नाही.