भस्म लावलेल्या माश्या

शुक्रवार पेठेतल्या महादेवाची पूजा कमलाकरभटांच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आली होती. पूजा ते मनापासून करत, पण जीव अडकला होता तो देवळाच्या मागच्या आवारात बेलाखाली ठेवलेल्या एका लाकडी पेटीत. अभिषेक आटोपला की ओलेत्या सोवळ्यानंच ते पेटीशी जात आणि तिला कान लावून उभे राहत. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून म्हणत, "ऐका, ऐका, आज आवाज कसा भरलेला आहे."

हा नाद त्यांनी मंद्रूपहून आणला. तिथं एका यजमानाकडे सत्यनारायण होता, आणि विहिरीच्या कपारीतलं सातेरी माश्यांचं मोहोळ यजमान संध्याकाळी जाळणार होता. कमलाकरभटांनी दक्षिणेऐवजी ते मोहोळच मागून घेतलं. मडक्यात भरलं, तोंडावर उपरणं बांधलं आणि सर्व्हिस मोटारीत मांडीवर घेऊन बसले. मडकं गुणगुणायला लागलं तसे शेजारचे उतारू एकेक करून मागं सरकत गेले, आणि भटजी ऐसपैस बसून सोलापूरला आले. पुढं चार वर्षं हा प्रवास ते नव्या माणसाला हटकून सांगत, आणि जुन्यालाही.

या नादाला दोन सोबती मिळाले. एक बसप्पा, लाकडाच्या वखारीचे मालक. त्यांच्या घरी दोन पेट्या होत्या आणि त्यांचं ज्ञान सगळं स्वतःच्या अंगावर डंख खाऊन मिळवलेलं. दुसऱ्या पद्मजाबाई, मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका. मधमाश्यांवरची पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं सोलापुरातलं हे एकच माणूस असावं. दर रविवारी तिघं बेलाखाली जमत आणि भांडत. पेटीचं तोंड पूर्वेला असावं की दक्षिणेला, यावर तर दोन रविवार खर्ची पडले. वैशाखात पेटीवर ओलं गोणपाट टाकावं की नाही, राणीचे पंख कातरले तर मोहोळ उडून जायचं थांबतं का, उपासमारीच्या दिवसांत साखरेचं पाणी पाजावं का, एकाही गोष्टीवर तिघांचं एकमत झालं नाही. "पुस्तकात न्हाई त्ये माशीला ठावं हाय की," असं बसप्पा म्हणाले की पद्मजाबाई शांतपणे पुस्तिकेचं पान उघडून पुढं करत, आणि बसप्पा चष्मा घरी राहिल्याचं सांगत.

एका बाबतीत मात्र तिघं एक होते. जुन्या रीतीनं पोळं कापून फडक्यातून पिळलेल्या मधात अळ्या चिरडून उतरतात. पेटीतल्या चौकटी पिंपात फिरवून मध काढला, तर एकही अळी मरत नाही. हे कमलाकरभटांना कळलं आणि त्यांच्या अंगात वारंच भरलं. भर सोमवारी, देऊळ माणसांनी भरलेलं असताना, ते गाभाऱ्याच्या उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "येत्या शिवरात्रीला देवाच्या पंचामृतात माझ्या पेटीतला अहिंसेचा मध. घातला नाही तर पेटी बसप्पांच्या स्वाधीन, आणि मी माशीचं नाव काढणार नाही."

एवढं बोलायची काही गरज नव्हती. कारण शिवरात्रीचा मध चाळीस वर्षं देत आले होते ते रावजीअण्णा समोरच बसले होते. अण्णांचं घर देवळाच्या भिंतीला लागून. त्या घराच्या मातीच्या भिंतीत, माळवदाच्या सपाट धाब्याखालच्या पोकळीत एक मोहोळ होतं. शिवरात्रीच्या आधी अण्णा गोवरीचा धूर देऊन त्यातलं एक पोळं कापत, पिळत आणि वाटीभर मध देवाला आणून देत.  अण्णा नुसते उठले आणि पायरीवरून उतरून गेले.

माघात शिवारात करडई फुलली. पेटी जड होऊ लागली. चौकटीतल्या घरांवर मेणाची पांढरी झाकणं चढली, म्हणजे मध पिकला. पद्मजाबाईंनी तांबट गल्लीत करून घेतलेलं पत्र्याचं पिंप आणलं, तिघांनी पाळीपाळीनं दांडा फिरवला आणि सोनेरी मध पत्र्यावर टपटप वाजू लागला. कमलाकरभटांना इतका आनंद झाला की त्यांनी बसप्पांना मिठीच मारली. बसप्पांच्या बाहीवर बसलेल्या माशीला ते आवडलं नाही.

या आनंदातच भटजी फसले. अभिषेकाचं पाणी देवळाबाहेर गोमुखातून पडे, आणि त्यातल्या साखरेवर माश्या जमत. दोन महिने ते हे कौतुकानं सगळ्यांना दाखवत होते. "बघा, माझ्या माश्या तीर्थ घेतात." शिवरात्र चार दिवसांवर आली असताना त्यांनी हे रावजीअण्णांनाही दाखवलं.

अण्णांनी काठीवर दोन्ही हात ठेवून गोमुखाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे देवाला वाहिलेली साखर, मध तुज्या माश्या नेत्यात. त्याचाच मध करत्यात. आन् त्योच तू परत देवाला घालणार व्हय? भटजी, वाहिलेलं परत वाहत न्हाईत. ह्ये मी सांगायचं का तुला?"

कमलाकरभटांचा चेहरा पडला. निर्माल्य देवाला पुन्हा चालत नाही हे त्यांनी स्वतःच शंभर जणांना सांगितलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. अण्णांचा राग आला, मग स्वतःच्या जिभेचा आला, आणि पेटीकडे पाहून डोळ्यांत पाणीच आलं. बसप्पांच्या वखारीत पेटी सुखात राहिली असती, पण रोज सकाळी कान कशाला लावायचा?

रविवार नसताना तिघांचं मंडळ भरलं. बसप्पा म्हणाले, "आमच्यात देवाचं वाहिलेलं परसाद म्हणून खात्यात. मला द्या बाटली, वाद मिटला." पद्मजाबाई म्हणाल्या, "माशी फुलावरून आणते त्याचा मध होतो, साखरेचा होतो तो नुसता पाक. वाद शास्त्राचा नाहीच, वाद कुणी काय आणलं याचा आहे." मग त्यांनी विचारलं, "भटजी, गोमुखावरच्या माश्या तुमच्याच, हे कशावरून?"

"माझ्याच. मी ओळखतो ना त्यांना."

"तोंडावरून?"

 बसप्पा हसू दाबायला बेलाच्या मागं गेले.

खूण केल्याशिवाय कळणार नाही, असं पद्मजाबाईंनी ठरवलं. पीठ टाकायचं निघालं, पण देवळात पीठ कुठलं? भस्म मात्र डबाभर होतं. सोमवारी अभिषेक झाल्यावर कमलाकरभट पातळ फडक्यात भस्म घेऊन गोमुखाशी बसले आणि पाणी पिणाऱ्या माश्यांवर हलकेच झटकू लागले. पद्मजाबाई घड्याळ घेऊन पेटीसमोर बसल्या. बसप्पांना काही काम राहिलं नाही, म्हणून ते आवाराच्या भिंतीवर चढून बसले.

पेटीवर माश्या येत होत्या, पायांना करडईचे पिवळे गोळे लावून. एक पिवळी, दुसरी पिवळी, पन्नासावी पिवळी. भस्म लावलेली एकही नाही. भटजी गोमुखापासून पेटीपर्यंत आणि पेटीपासून गोमुखापर्यंत धावत होते, आणि त्यांच्या स्वतःच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"भटजी," बसप्पा भिंतीवरून अगदी हळू बोलले, "हिकडं या. बोलू नका. नुसतं बघा."

कमलाकरभट दगडावर पाय देऊन भिंतीवर चढले. गोमुखावरून उठलेल्या पांढऱ्याधोप माश्या, बैराग्यांची रांग निघावी तशा, त्यांच्या डोक्यावरून पलीकडे जात होत्या आणि रावजीअण्णांच्या माळवदाखालच्या पोकळीत एकामागून एक शिरत होत्या.

 म्हणजे देवाचं निर्माल्य चाळीस वर्षं देवाला परत कोण घालत होतं? बसप्पा हसताहसता भिंतीवरून आवारातच पडले. त्यांना काही लागलं नाही, उलट पडल्यावर ते जास्तच हसू लागले. पद्मजाबाईंनी घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि पदर तोंडाला लावला. भटजींना तर नाचावंसं वाटत होतं. शिवरात्रीला गाभाऱ्याच्या उंबऱ्यात उभं राहून हे सांगायचं, शब्दन् शब्द त्यांच्या मनात तयार झाला.

तेवढ्यात रावजीअण्णाच आवारात आले. धोतराच्या सोग्याखाली काहीतरी झाकलेलं होतं.

"काय आवाज चाललाय?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता सोगा बाजूला केला. मधाची वाटी होती. "तुजा मध चालंना झाला तर देव तसाच ऱ्हायाला नको. म्हणून काढून ठिवलाय. आईनं सुरू केल्यालं हाय ह्ये. तिच्यामागं म्या कदी चुकिवलं न्हाई." मग खाली बघून म्हणाले, "तुला लागंल आसं बोल्लो त्या दिवशी."

कमलाकरभटांनी वाटीकडे पाहिलं. मध अगदी काठापर्यंत भरलेला होता. मनात तयार झालेलं भाषण त्यांनी तिथंच टाकून दिलं.

"अण्णा," ते म्हणाले, "आम्ही खूण करून पाहिली. गोमुखावरच्या माश्या माझ्या नाहीत. माझा मध करडईचा आहे, चालतो."

"मग त्या कुणाच्या?"

बसप्पांना खोकला आला. पद्मजाबाई पुस्तिका चाळू लागल्या.

"परगावच्या असतील," भटजी म्हणाले. "आणि वाटी द्या. तुमचाही घालतो."

शिवरात्रीला देवावर आधी अण्णांची वाटी रिकामी झाली, मग पेटीतला मध. वाटी ओतताना कमलाकरभट मनात म्हणाले, देवा, तुझंच तुला, समजून घे. अण्णा हात जोडून उभे होते. दोन्ही मध दुधातुपासकट गोमुखातून बाहेर पडले, तेव्हा माश्या आधीच हजर होत्या.

अण्णा काठी टेकत तिथं गेले, वाकून पाहू लागले. "भटजी," ते भक्तीनं म्हणाले, "ह्या परगावच्या माश्या लई भाविक हाईत की."

"फार भाविक, अण्णा," कमलाकरभट म्हणाले, आणि नंदीच्या मागं जाऊन, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.