उजळलेला अंगठा

जुन्या बाजारातून आणलेली फ्रेंच ब्राँझची नर्तकी मी मोठ्या हौसेने टेबलावर ठेवली. शेजारीच बायको चिंचेने पितळेचे देव घासत बसली होती.

“अहो, किती काळी पडलीय ही! आणा, लख्ख करून देते.”

“अगं, नको! तो जुना काळपटपणाच तर हिचं सौंदर्य!” मी ओरडलोच.

“मग हा अंगठा कसा चमकतोय?”

मी वाकून पाहिलं. नर्तकीच्या पायाचा अंगठा खरंच सोन्यासारखा उजळला होता! फ्रान्समधल्या कुठल्याशा घरात कुणीतरी येता-जाता त्याला हात लावत असणार. आवडत्या वस्तूला न शिवता पुढे जाणं कुठल्याच देशातल्या माणसाला जमत नसावं.

“देवाच्या पायांसारखंच की हे,” म्हणत बायकोने हात धुतले, पदराला पुसले आणि त्या अंगठ्यावर अलगद बोट ठेवलं.