मामाचा ढोल चढला

आमच्या बँडमध्ये आम्ही दोघंच होतो, त्यामुळे बँड म्हणतानाही हसू यायचं. मी गाणी लिहायचे आणि गायचे. कॉलेजपासूनचा माझा मित्र गिटार वाजवायचा. त्याला ब्लूजचं वेड होतं. संथ, रडवेलं गाणं. एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीत मन मोकळं करायचं. ‘जात्यावरच्या ओवीला वीज जोडली की झालं,’ असं तो सांगायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा.

तो मनमाडचा. घरात सगळे रेल्वेत, आणि त्यालाही नोकरीचं बोलावणं आलेलं. त्यानं मला बजावलं, ‘एक गाणं मनासारखं होऊ दे, मग मी जात नाही. नाही झालं तर गिटार कपाटावर.’ माझं धाबंच दणाणलं. मी घाईघाईनं त्याच्याच गावावर गाणं लिहिलं:

मनमाडला उतरले, पण पुढची गाडी येईना,
मनमाडला उतरले, पण पुढची गाडी येईना,
ज्याच्यासाठी निघाले, तो फोनसुद्धा घेईना.

तो ऐकून उडालाच. आता रेकॉर्डिंग कुठे करायचं? माझ्या मामाचं पिंपळगावला द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे. हंगाम संपला की खोल्या रिकाम्या. दार लावलं की हायवेवरचा ट्रकही ऐकू येत नाही. मामा एका पायावर तयार झाला. आमच्याकडे ड्रमवाला नव्हता आणि मामा गावच्या पथकात ढोल वाजवतो, म्हणून त्यानं एकच अट घातली, ‘खोली माझी, तर ढोलबी माझा.’

आम्ही हो म्हणालो आणि तिथंच फसलो. आमच्याकडचा ढोल संथ सुरू होतो, पण संथ राहत नाही. तो चढतो. न चढणारा ढोल मिरवणुकीत कोण उभा करील?

क्रेटच्या ढिगावर माइक ठेवून आम्ही सुरू केलं. मामा सुरुवातीला असा हळुवार वाजवत होता की मला भरून आलं. नुसत्या गिटारचा तुकडा सुंदर झाला, आणि तो संपताच मामाच्या अंगात वारं शिरलं. ढोल असा उधळला की मी धापा टाकत गायले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. माझ्या मित्रानं हात जोडले, ‘मामा, तुम्ही शेवटपर्यंत संथच ठेवा ना.’

‘आरं, गाडी येत नाय तर पोरीनं काय तिथंच बसून ऱ्हायचं?’ मामा म्हणाला. ‘चालत सुटंल ना ती! लय रडलो, आता चढू दे.’

पालथ्या घड्यावर पाणी. माइक एकच असल्यामुळे ढोल वेगळा काढताही येईना. ‘हे ब्लूज नाही, वरात आहे,’ असं म्हणून मित्रानं गिटार पिशवीत घातली आणि तो खरंच रेल्वेत रुजू झाला. मला फार वाईट वाटलं.

गाणं मी इंटरनेटवर टाकलं, मामानं ते पथकातल्या सगळ्यांना पाठवलं, तिथून ते डीजेवाल्यांकडे गेलं, आणि आता आमच्या भागात त्याच्याशिवाय हळद उरकत नाही! फोन न घेणाऱ्या माणसाच्या गाण्यावर नवऱ्या मुली नाचतात. मी हे मित्राला फोनवर सांगितलं, तर तो नुसता ‘हं’ म्हणाला.

यंदा माझीच हळद होती. तो मनमाडहून आला. त्याला पुन्हा दुखवायचं नव्हतं म्हणून मी डीजेला ते गाणं लावायची सक्त मनाई केली होती. मामानं अर्थातच ते लावायला लावलं.

गिटार सुरू झाली आणि मांडव गप्प झाला. मावश्या हळदीचे हात वर धरून थांबल्या, पोरं जागच्या जागी उभी राहिली. ढोल पुढे चढणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्या संथ तुकड्यातला एकेक सूर सगळे कान देऊन ऐकत होते. एक म्हातारबा डोळे मिटून डोलत होते. माझा मित्र खांबाला टेकून बघतच राहिला. त्याची गिटार इतक्या माणसांनी इतक्या शांतपणे कधीच ऐकली नव्हती. त्याचे डोळे वाहायला लागले, माझेही.

मग ढोल चढला, आणि सगळ्यांत आधी उडी मारली ती त्यानं! मामानं त्याच्या तोंडाला हळद फासली, मी त्या दोघांच्या मधे, आणि हसून हसून आमची पुरेवाट झाली.

गाणं संपल्यावर तो धापा टाकत मामाला म्हणाला, ‘मामा, पुढच्या गाण्यात सुरुवात जरा लांबवू. ढोल नंतर चढवा.’

‘चढवू की,’ मामा म्हणाला.

मित्रानं तोंड पुसलं, तशाच पिवळ्या हातानं खिशातून फोन काढला आणि कपाटावरची गिटार खाली काढून ठेव म्हणून मनमाडला आपल्या आईला सांगितलं.