दर्यात न लागणारी शपथ

गुणाजी तांडेलांचा मला राग येतो. मनापासून येतो, कारण माणूस लाखातला आहे. मासेमारी होडीचा हा कप्तान मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून हाक मारतो तेव्हा समोरच्या होडीवरचा खलाशी झोपेतून उठून "आलो" म्हणतो. असा आवाज ज्या फुफ्फुसांतून निघतो, ती फुफ्फुसं या गृहस्थाने विडीच्या धुराने सारवून ठेवली होती.

आता म्हणाल, शिमग्यात देवीच्या पालखीसमोर नारळ ठेवून त्यांनी विडी सोडली ना? सोडली की! जमिनीवर. होडी धक्क्यापासून सुटली की कानावरची विडी ओठात. "शपथ गावात घेतली. दर्यात ती कशी लागेल?" हे त्यांचं कायदेशास्त्र. आणि अख्ख्या वाडीने ते मान्य केलं, याचा संताप कुणावर काढायचा?

एका सकाळी होडीवर जाळी चढवताना गुणाजींच्या छातीत फाटल्यासारखी कळ आली, ती थेट पाठीत गेली. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी आतून चिरली होती. हातखंबा, आंबा घाट करत कोल्हापूर गाठलं. तातडीने ऑपरेशन करायचं म्हणून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "विडी-सिगारेट?"

मेहुणा विनीत छाती पुढे काढून म्हणाला, "शिमग्यात सोडली. पालखीसमोर." मागे उभ्या वाडीतल्या पाच-सहा जणांनी माना डोलावल्या. देवळातसुद्धा एवढ्या एकमताने डोलावत नाहीत.

ऑपरेशन पार पडलं. श्वासाची नळीही निघाली. पण मग ऑक्सिजन उतरायला लागला. छातीत कफाचा चिखल, आणि खोकायला जोर नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वजन आहे, ब्लड प्रेशर जुनं आहे, हार्ट-लंग मशीनवर बराच वेळ गेला, रक्तही खूप चढवावं लागलं. फुफ्फुसांना त्रास व्हायला एवढं पुरतं. पण एवढा कफ? मला काहीतरी सांगितलेलं नाही. आज सुधारले नाहीत तर पुन्हा नळी घालावी लागेल."

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. खरं सांगितलं तर शपथ मोडली असं ठरणार, आणि आजारी माणसावर देवीचा कोप! काय म्हणावं या भक्तीला?

तेवढ्यात गुणाजींची बायको सोनूबाई उठली. "दर्यात ओढतात, डॉक्टर. दिवसभर. आदल्या दिवशीपण."

"गो ताय!" विनीत कुजबुजला. "देवीला काय वाटंल?"

"देवीला ठावकच हाय, मेल्या. या डॉक्टरांनाच नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "आधी कळलं असतं तर पहिल्यापासून त्या बेताने चाललो असतो!" आणि लगेच आत गेल्या. औषधाची वाफ सुरू झाली, पलंगावर बसवणं, पाठ थोपटणं सुरू झालं. छातीशी उशी घट्ट धरून खोकायला लावणारी दीपाली नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी आली. गुणाजींनी तिला मास्कमधून ज्या शिव्या दिल्या, त्या सुदैवाने तिला ऐकू गेल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत ऑक्सिजन थोडा सावरला. नळी टळली, निदान त्या दिवसापुरती. भेटायला सोडलं तेव्हा गुणाजींनी मास्क बाजूला केला.

"कोणी सांगितलान?"

सगळ्यांनी विनीतकडे बोट दाखवलं.

"मी सांगितलं," सोनूबाई म्हणाली. मास्क परत नाकावर बसवला, उशी त्यांच्या हातात कोंबली. "नंतर भांडा. आता खोका."

बायकोकडे जळजळीत बघत गुणाजी तांडेल खोकले.