सात 'नाहीं'ची नोंद

ताई बोलायला मोजकी, पण हात असा चालायचा की बोलणाऱ्याची जीभ थकावी. सभागृहात अध्यक्षांच्या उंच खुर्चीखाली अर्धगोल टेबल होतं. तिथं बसून तिने एकवीस वर्षं सभासदांचं बोलणं शॉर्टहँडमध्ये टिपलं. दहा मिनिटं ती, दहा मिनिटं तिचे जोडीदार अण्णा. नवरा चेष्टेने म्हणायचा, "घरात हिला सगळं दोनदा सांगावं लागतं, आणि तिथं मात्र एक शब्द सांडत नाही!"

मग 'नेते' सत्तेवर आले आणि सूचना यायला लागल्या. आधी, नेत्यांच्या भाषणात मधूनमधून 'टाळ्या' लिहा. मग, विरोधकांची आरडाओरड गाळा. मग त्यांचे प्रश्नच गाळा. ताईने हे सगळं निमूटपणे केलं, खोटं कशाला बोला. अण्णा म्हणायचे, "आपण पेन्सिली, ताई. पेन्सिलीला मत नसतं." ती हसायची, पण हल्ली तिला जेवण गोड लागत नव्हतं.

'परिस्थिती निवळेपर्यंत' निवडणुका पुढे ढकलायचा ठराव आला, त्या दिवशी विरोधी बाकांवरचे माइक सकाळपासूनच बंद होते. अध्यक्षांनी विचारलं, "अनुकूल?" 'होय'ने छप्पर हाललं. "प्रतिकूल?" म्हणता म्हणता त्यांनी हातोडा आपटलासुद्धा. "एकमताने मंजूर!"

पण त्या एवढ्याशा फटीत मागच्या रांगांतून आवाज आले. नाही! नाही! ताईची मान आपोआप वर झाली. पिकल्या केसांचे मास्तर, एकेकाळी खरोखरच शाळामास्तर, बाकावर मूठ आपटत थेट तिच्याकडे बघून ओरडत होते, "नोंद करा! नोंद करा!" तिने मोजले. सात. सातही नावं झरझर वहीत उतरली.

अर्ध्या तासात सचिवसाहेबांचं बोलावणं आलं.

"ताई, हे सात 'नाही' काढून टाका. माइक बंद होते."

"माइक बंद होते, साहेब. कान चालू होते."

हे आपण बोललो? तिचं तिलाच खरं वाटेना. साहेबांचा चेहरा उतरला. "चारला कागद छापखान्यात जातील. तोवर विचार करा."

ताईने विचार केला, पण वेगळाच. सभागृहाच्या नियमांत एक जुना नियम होता: छापण्याआधी सभासदाला त्याच्या बोलण्याची चिठ्ठी दाखवायची. सही होऊन ती आवक-नोंदवहीत चढली, की त्याच्या संमतीशिवाय अक्षर गाळता येत नाही. कुणालाच आठवत नव्हता, म्हणून तो रद्द करायचंही कुणाला सुचलं नव्हतं!

तिने धडाधड सात चिठ्ठ्या टाइप केल्या.

"वेड लागलंय का, ताई?" अण्णा म्हणाले. मग चष्मा पुसला, परत घातला. "आणा इकडे तीन. दोघं उपाहारगृहात असतील, तिसरा हमखास वाचनालयात पेंगत असेल."

दोघांनी जिने पालथे घातले. एकवीस वर्षं बसून काम केलेल्या ताईचे गुडघे बोलत होते, पण आज ऐकतंय कोण! मास्तरांनी सही करताना कागद फाटेल एवढा जोर दिला. एक सभासद गाडीत बसता बसता सापडले. एकाने मात्र चिठ्ठी परत सरकवली. "मी 'नाही' म्हणालो नाही हो. खोकलो."

सहा सह्या. चारला वीस मिनिटं. ताई धापा टाकत नोंदणी कक्षाशी पोहोचते तो तिथं नेत्यांच्याच पक्षाच्या, पहिल्या रांगेत बसणाऱ्या बाई उभ्या.

"माझीही चिठ्ठी करा. मीही 'नाही' म्हटलं होतं. हळू."

ताईने मान हलवली. "मला ऐकू आलं नाही, बाई. न ऐकलेलं मी लिहीत नाही."

बाईंचे डोळे खाली गेले. ताईने टेबलावरचं पेन उचलून पुढे धरलं. "पण सभासदाला आपल्या हाताने दुरुस्ती करता येते. नियमातच आहे."

बाईंनी कोऱ्या चिठ्ठीवर 'नाही' लिहिलं, सही केली. कक्षातल्या कारकुनाने एकदा दाराकडे पाहिलं आणि सातही चिठ्ठ्यांवर शिक्के हाणले. ठक्, ठक्, ठक्! खोकला वजा, बाई जमा; सात ते सातच.

सचिवसाहेब खूप तणतणले, पण नोंदवही फाडायची त्यांची छाती झाली नाही. अहवालात छापून आलं: 'बहुमताने मंजूर. विरोधात सात.' खाली नावं.

निवडणूक त्या वर्षी झाली नाहीच. बाईंना पक्षाने काढलं, ताईची बदली तळघरातल्या दप्तरखान्यात झाली. पण अहवाल विक्रीला आला त्या सकाळी अण्णा धावतच खाली आले. "ताई, वर चला! आधी चला!"

ज्या खिडकीवर वर्षात दहा प्रती खपायच्या, तिथली रांग फाटकाबाहेर गेली होती. एक म्हातारा पायरीवर उभा राहून सात नावं मोठ्याने वाचत होता. प्रत्येक नावाला लोक टाळ्या वाजवत होते, आणि या टाळ्या लिहा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. रांगेत ताईला तिचा नवरा दिसला. ती धावत जाऊन त्याच्या मागे उभी राहिली.

"अगं, तूच लिहिलंस ना ते? तुला कशाला हवी प्रत?"

"छापलेलं बघायचंय," ताई म्हणाली, आणि टाचा उंचावून खिडकीकडे पाहू लागली. "सरका ना हो पुढे, संपतील!"