तात्यांचं चुकीचं पुस्तक

कॉलेजच्या ग्रंथालयात, पुस्तकांच्या देवघेवीच्या खिडकीत, तात्या बावीस वर्षं बसत होते आणि दरवर्षी नव्या पोरांना पहिलं पुस्तक मुद्दाम चुकीचं देत होते.

यामागे त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. नवं पोर खिडकीशी येतं ते मान खाली घालून. त्याला बरोबर पुस्तक दिलं की ते वर्षभर मुकंच राहतं. चुकीचं दिलं की दोन दिवसांत तणतणत परत येतं, आणि तात्यांशी एकदा भांडलेलं पोर पुढे कुणाला काही विचारायला कचरत नाही. मग कुठले सर कधी खुशीत असतात, वह्या कुणाच्या मागाव्यात, कुठल्या संडासाची कडी लागत नाही, इथपर्यंत सगळं तात्या त्याला समजावून सांगत. ग्रंथपालबाईंचं मत वेगळं होतं. तात्यांना पुस्तकं सापडत नाहीत, म्हणून हे सोंग, असं त्या म्हणत.

यंदा एका मुलीनं घोटाळा केला. ती भांडायला आलीच नाही. आली ती तिसऱ्या आठवड्यात, पुस्तक आणि कार्ड दोन्ही परत करायला. शनिवारी वडील न्यायला येणार, कॉलेज सोडतेय, हे तिनं टेबलाला सांगितल्यासारखं सांगितलं. वर्गातलं आणि पुस्तकातलं काही जुळतच नाही, आपल्याला डोकंच नसावं, असंही पुटपुटली.

तात्यांनी पुस्तक उघडलं आणि मिटून पुन्हा पुठ्ठा पाहिला. नव्या बांधणीत पुठ्ठ्यावरचं वर्ष गेलं होतं, नुसतं ‘भौतिकशास्त्र’ उरलं होतं. आत सगळं शेवटच्या वर्षाचं. पोरीनं त्यातली सहा प्रकरणं पाठ केली होती.

“कुणाला विचारलं का नाहीस गं?”

“मला वाटलं, बाकी सगळ्यांना येतंय.”

तात्यांनी घसा खाकरला, चष्मा पुसला, तो पुन्हा पुसला आणि मग सगळं कबूल केलं.

“म्हणजे तीन आठवडे मी उशीत तोंड खुपसून रडतेय, आणि तुम्ही मुद्दाम?”

वाचनालयातल्या सगळ्या माना वर झाल्या. बाईंनी दोघांनाही बाहेर काढलं. पायऱ्यांवर ती आणखी पाव तास बोलत होती, तात्या “बरोबर आहे, पोरी” म्हणत उभे. शेवटी तिनं त्यांच्या हातातलं कार्ड हिसकावून घेतलं आणि पहिल्या वर्षाचं पुस्तक आत्ताच्या आत्ता काढा म्हणून त्यांना आत पिटाळलं.

शनिवारी वडील रिकामी पिशवी घेऊन आले. मुलगी वर्गात होती, म्हणून खिडकीशी आले. “न्यायला या म्हणाली, आता येत नाही म्हणते. झालं काय?”

थाप मारायचं तात्यांच्या मनात आलं होतं, पण त्यांनी खरं ते सांगून टाकलं. वडिलांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“आमची भांडली? घरी आमटीत मीठ नसलं तरी सांगत नाही ती. किती वेळ?”

“पाव तास. आतलं वेगळं.”

वडिलांनी पिशवीची घडी करून खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर ते ऐसपैस बसले.

“काय काय म्हणाली, सांगा बघू नीट.”

तात्यांनी सांगितलं. ‘थेरडा’ हा शब्दसुद्धा गाळला नाही.